लेन्सच्या बोटभर वर

दार उघडलं, पण तो लगेच आत आला नाही. उंबरठ्यावर थांबून त्याने आधी खांद्यांवरची राख झटकली, मग बाह्या, मग एकेक करून बुटांचे तळ. आसो ज्वालामुखी सकाळपासून राख उधळत होता आणि कुमामोतोच्या ट्रामसुद्धा करड्या झाल्या होत्या. पण इतक्या निगुतीने झटकणारा माणूस चिएमी ओगाताने पाहिला नव्हता.

“बाहेरच्या पाटीवर चूक आहे,” तो म्हणाला. “म्हणजे… माफ करा. ट्रामची वाट बघत होतो. वाचली गेली.”

“कसली चूक?”

“‘सहा कोटी पिक्सेल, म्हणून सर्वोत्तम फोटो.’ यातलं ‘म्हणून’ चूक आहे.”

चौदा वर्षं हा स्टुडिओ चालवणाऱ्या चिएमीला असं कोणी ऐकवलं नव्हतं. तिने तिपाईवरच्या काळ्या, कडा झिजलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. “मी वापरते तो हा. सव्वा कोटीचाच आहे. पण सेन्सर मोठा.”

“मग पाटी?”

“ती नव्या कॅमेऱ्याची. तो कपाटात असतो. गिऱ्हाईक आकडा वाचून आत येतं. तुम्ही आलातच ना.”

तो कानापर्यंत लाल झाला आणि नमस्कारासाठी कमरेत वाकला. नाव शुंपेई इवाशिता, वय छत्तीस, शहराबाहेर कॅमेऱ्यांचे सेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी.

“सेन्सरवर धूळ पडू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख असतो,” त्याने सांगितलं. “फक्त डोळे उघडे. नऊ वर्षं शेजारी उभा असलेला माणूस मला बाजारात भेटला, तर ओळखणार नाही.”

“वाईट नाही वाटत?”

“धूळ कमी होते,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आता आलोच आहे तर… एक फोटो काढून द्याल? वधूवरसूचक मंडळात द्यायचाय.”

असले फोटो हाच चिएमीचा धंदा होता. तिने काढलेल्या फोटोंवर लग्नं जमत. नववर्षाला त्या जोडप्यांची कार्डं येत, आणि पत्त्यावर आदराने लिहिलेलं असे, ‘ओगाता स्टुडिओतील सर्व मंडळींना’. सर्व मंडळी म्हणजे ती एकटी. कार्डं वाचून ती खोक्यात ठेवी आणि वरच्या मजल्यावर जाऊन एका माणसाचा भात लावी.

शुंपेई स्टुलावर बसला आणि त्याच्या चेहऱ्याचं लाकूड झालं.

“या फोटोवर तुम्हाला व्हिसा मिळेल, इवाशिता-सान. बायको नाही मिळायची.”

“हसायचं कसं, ते सांगा ना.”

“सांगून हसतात का? बरं, ते राहू दे. सेन्सर मोठा असला की फोटो चांगला का येतो? मला अनुभवाने कळतं, कारण ठाऊक नाही.”

“सोपं आहे.” त्याचे हात मोकळे झाले. “प्रकाश म्हणजे पाऊस समजा. मोबाइलमधला सेन्सर नखाएवढा. एवढ्याशा अंगणात सहा कोटी बोळकी मांडली, तर एकेकात पडणार किती? चार थेंब. अंधार झाला की तेही नाहीत. मग यंत्र अंदाज करत बसतं आणि फोटोत दाणे उठतात. तुमच्या कॅमेऱ्याचं अंगण मोठं आहे, भांडी मोजकी, पण मोठी. म्हणून अंधुक उजेडातही… तुम्ही हसताय का?”

“बोला, बोला,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

संध्याकाळी तिने तो फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडला. भुवया उचललेल्या, ओठ अर्धे उघडे, डोळे भरून कोणाकडे तरी बघणारे. तिने उजवं बुबुळ मोठं केलं. खिडकीचा पांढरा चौकोन दिसला, आणि त्याच्या कडेला एक काळसर आकृती. ती स्वतः आहे की तिपाई? आणखी मोठं केलं, तर नुसते राखाडी चौकोन उरले. आयुष्यात पहिल्यांदा तिला सव्वा कोटी कमी पडले.

तिने फोटो मंडळाला पाठवला. तोच सगळ्यांत चांगला होता, आणि चांगला सोडून सुमार पाठवायची तिला सवय नव्हती.

बुधवारी मंडळाच्या त्सुरुताबाईंचा फोन आला. “काय हो, ओगाता-सान! माणूस देखणा काढलात, पण नजर कुठे आहे त्याची? लेन्सच्या बोटभर वर. मुली म्हणतील, हा दुसरीकडेच बघतोय. यात्सुशिरो शहरातली एक बाई भेटायला तयार आहे. समोर बघणारा फोटो सोमवारी हवाच.”

“बोटभर वर,” चिएमी पुटपुटली. लेन्सच्या बोटभर वर तिचाच चेहरा असतो.

त्सुरुताबाईंचा निरोप तिने कळवल्यावर शनिवारी शुंपेई रताळ्याचे गरम दांगो, वाफवलेले गोळे, घेऊन आला. “चार आणलेत. इथे माणसं किती, ते माहीत नव्हतं.”

“एक.”

“मग… मीही एक खाऊ?”

दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ले. उरलेले दोन तिने झाकून ठेवले, आणि तो स्टुलावर बसला.

“लेन्सकडे बघा.”

“बघतोय.”

“नाही बघत.”

सात फोटो झाले. प्रत्येक वेळी नजर वर सरकली. शेवटी चिएमीने लांबून दाबायचं बटण हातात घेतलं आणि ती स्टुलामागच्या पडद्याआड गेली.

“कुठे चाललात?”

“माझ्यामुळे नजर हलते तुमची. इथून दाबते. आता समोर फक्त लेन्स आहे.”

पडद्यामागे अंधार होता, कार्डांची खोकी होती. तिने बटणावर अंगठा ठेवला. या एका फोटोनंतर हा माणूस यात्सुशिरोला जाणार होता, आणि पुढच्या नववर्षाला सर्व मंडळींना त्याचं कार्ड येणार होतं.

“ओगाता-सान, हा चांगला आला, तर त्या बाई भेटतील मला?”

“भेटतील. माझे फोटो वाया जात नाहीत.”

“वाईट काढता येईल?”

“…काढलेला नाही कधी.”

बाहेरून ट्राम गेली. खिडकीची काच थरथरून थांबली.

“मग मला त्यांना भेटायचं नाही,” तो म्हणाला. आवाज सरळ, लेन्सलाच सांगितल्यासारखा. “व्हिसा मिळेल म्हणालात ना, त्यावर मी घरी जाऊन दोन दिवस हसत होतो. खोलीत एकटाच. नऊ वर्षांत माझा चेहरा बघून कोणी काही बोललं नव्हतं. मला पुन्हा इथेच यायचंय. पाटीवर चूक नसली तरी. हे तुमच्याकडे बघून सांगता आलं नसतं मला.”

तिचा अंगठा बटणावरून निघाला होता. कधी निघाला, तिला कळलं नाही.

ती पडद्याबाहेर आली. शुंपेई अजून ताठ बसला होता, मान जराही न हलवता, शिकवल्याप्रमाणे समोर बघत. चिएमी कॅमेऱ्यामागे गेली नाही. त्याच्यापासून दोन हातांवर, बाजूला, उजेडात उभी राहिली.

“इवाशिता-सान,” ती म्हणाली, “आता इकडे बघा.”