धबधब्यातली आत्या

पडद्यावर बाई धबधब्याखाली किंचाळत होती, मागून रबरी मगर येत होती, आणि मी हातात बिस्किट धरून खदाखदा हसत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला—

"ती माझी आत्या आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! घाईघाईत मशीन थांबवायला गेले, तर चित्र नेमकं नको तिथेच थांबलं. ओला झगा, आणि कॅमेरा कुठे... जाऊ दे. दारातल्या माणसाने चटकन डोळ्यांवर हात ठेवला.

आमचं काम जुन्या सिनेमांची रिळं दुरुस्त करण्याचं. हा कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर झटणार, आणि स्वतः डोळे झाकून उभा!

"आता बघू का?" त्याने विचारलं.

"बघा," पडदा बंद करून मी म्हणाले.

त्याचं मागणं साधं होतं. आत्याने तरुणपणी हा एकच सिनेमा केला आणि घरादाराने तिला वाळीत टाकलं. तिने स्वतः तो कधी पाहिलाच नव्हता. आता तिला पाहायचा होता, आणि उरलेली एकुलती एक प्रिंट माझ्या टेबलावर होती.

"फक्त ते... तसले तुकडे कापून टाका. या वयात तिला लाज वाटायला नको."

आमच्या मोठ्या सरांचा एकच कायदा: आलेलं रीळ जोडायचं, तोडायचं नाही. मला तो तोंडपाठ. पण त्याने चष्मा काढून पुसला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणून गेले, "कापते." अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

मग तो रोज दुपारी यायला लागला, कुठे कापायचं ते ठरवायला. आता ठरवणार कसं? तसलं काही आलं की हा डोळे झाकणार.

"आता?"

"थांबा."

"आता तरी?"

"अहो, थांबा म्हणते ना!"

पडद्यावर तोवर मगर केव्हाच मेलेली असायची. मी उगाच त्याला थांबवायचे... तेवढा वेळ त्याच्याकडे बघायला मिळायचं. ती लांब बोटं, दाढी करताना हनुवटीवर राहून गेलेला केसांचा तो एक ठिपका. नुसती उलघाल व्हायची जिवाची.

एकदा डोळे झाकलेले असतानाच त्याने विचारलं, "तुम्हाला आवडतं हे?"

नाही म्हणायचं होतं मला. पण तोंडून खरं तेच निघालं. "आवडतं. ते टोमॅटोचं रक्त, गळून पडणाऱ्या मिशा... मजा येते हो! मग कॅमेरा त्या बाईच्या अंगावरून असा सरपटतो की किळस येते. तरी मी मान वळवत नाही. बघवत नाही आणि सोडवतही नाही. आता काय म्हणायचं ते म्हणा मला."

तो उठला आणि निघून गेला.

पुढे तो फिरकलाच नाही. माझ्या पायाला भिंगरी लागली. टेबलापासून खिडकी, खिडकीपासून टेबल. निदान शब्द तरी पाळावा म्हणून ब्लेड उचललं... पण पडद्यावर ती दात वाजत असतानाही पाण्यात शिरत होती. घराने टाकलेलीच आहे, आता मीही कापू तिला? नाही कापलं. हा माणूस गेला आपल्या हातचा, हे कळत होतं. रडलेही मी, खोटं कशाला बोलू?

आणि एका दुपारी तो दारात हजर, आत्याचा हात धरून. आखूड पांढरे केस, खणखणीत आवाज.

मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "मी काहीही कापलेलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही शब्द दिला होता."

"काय कापणार होतात?" आत्याने विचारलं. "धबधबा? अरे मेल्या, अंगात ताप असताना उतरले होते मी त्या पाण्यात! लाव गं तू."

मी लावलं. मगरीला बघून आत्या पोट धरून हसल्या. मग धबधबा आला, कॅमेरा सरपटायला लागला, आणि त्यांचं हसू थांबलं.

"कॅमेरावाला मला म्हणाला होता, लांबून घेतोय..."

मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे. बघायचंय मला." मग त्यांनी भाच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे झाकलेले. "हात काढ रे. आयुष्यभर घरातल्यांनी मला बघून हेच केलं. तू तरी बघ."

त्याने हात काढला. शेवटपर्यंत पाहिलं, आत्याचा हात घट्ट धरून. दोघांचेही डोळे भरले होते, आणि माझेही.

दिवा लावला तसा तो माझ्याजवळ आला. "बरं झालं, कापलं नाहीत. आणि त्या दिवशी... मी रागावून नव्हतो गेलो. शरमलो होतो. मीही बोटांच्या फटीतून बघत होतो."

"सिनेमा?"

"आधी सिनेमा. मग—तुम्हाला."

"म्हणजे मी तुमच्याकडे बघत होते, ते...?"

"सगळं दिसत होतं. रोज त्यासाठीच येत होतो."

अगं बाई! मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आता हात काढता का?"

"थांबा."

"आता तरी?"

"काढ गं बाई," आत्या म्हणाल्या, "आमच्या घरात आजवर डोळे झाकले तेवढे पुरे झाले."

मी हात काढले. तो तिथेच होता, डोळे उघडे ठेवून.