हॅलची पिवळी फुली

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात रात्र घातली असती, वारा घातला असता, एखादं कुत्रं रडवलं असतं.

यातलं काहीच नव्हतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. हिवाळ्यातलं लख्ख ऊन होतं. दोन हजार अठराचा जुलै महिना, आमच्याकडे थंडी जुलैतच पडते; वार बुधवार.

ठिकाण म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आमचं गाव. नाव सांगत नाही. समुद्रालगतच्या त्या फरसबंदीवर लोक रोज फिरतात, तिथल्या बाकांवर बसून चिप्स खातात. त्यांचा घास कशाला कडू करा?

जिच्याबाबतीत हे घडलं ती नोएलीन क्विल्टी माझी शेजारीण. तेव्हा चोपन्न वर्षांची. रस्त्यांवर, चौकांत दगडी लाद्या बसवणाऱ्या टोळीची मुकादम. बाई देव मानत नाही, भूत मानत नाही, हवामान खात्यालाही मानत नाही. हे सगळं मला सांगत होती तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता, आणि तो तिने शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही.

त्या हिवाळ्यात किनाऱ्याचं काम तिच्याकडे होतं. काळ्या दगडाच्या लाद्या, सहा लाकडी बाक, गाड्या अडवायचे बुटके लोखंडी खांब, पाणी प्यायचा एक नळ. शनिवारी उद्घाटन. आणि टोळीत माणसं उरली होती दोन. ती स्वतः, आणि दगड कापणारा तिचा धाकटा भाऊ डॅरिल.

तिसरा हॅल बॅस्कम. तो एप्रिलमध्येच गेला होता.

हॅल म्हणजे दोघांचाही गुरू. दगड कापताना पात्यावर पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. हॅलच्या उमेदीत एवढी काळजी कोण घेत होतं? चाळीस वर्षं त्याने दगड कोरडाच कापला. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. शेवटी शेवटी तर त्याला खुर्चीतून उठताना धाप लागायची.

त्याची एक सवय होती. दिवसाचं काम संपलं की रबरी हातोडा उलटा धरायचा आणि दांड्याने एकेक लादी ठोकत जायचं. मान वाकडी, कान खाली. लादी भरीव बसली असेल तर आवाज यायचा, टक. खाली पोकळी राहिली असेल तर, ढब. ढब वाजलं की हॅल खिशातून पिवळा खडू काढून त्या लादीवर फुली मारायचा. सकाळी ती लादी उपटून पुन्हा बसवायची. त्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

तो गेल्यावर लाद्या ठोकायचं राहूनच गेलं. घाई होती.

त्याच घाईत सोमवारी कापायच्या मशीनचा पाण्याचा पंप बिघडला. नवा यायला आठवडा लागणार होता. डॅरिल म्हणाला, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, कोरडंच कापतो, तोंडाला फडकं बांधतो. असं याआधीही कितीदा झालं होतं. डॅरिलला दोन लहान मुली. हॅलचे शेवटचे दिवस नोएलीनने डोळ्यांनी पाहिलेले.

तरी ती "बरं" म्हणाली.

बुधवारी दुपारी दोघं नव्या बाकावर चहा पीत बसले होते. मशीन बंद. समुद्र शांत. आणि नळाच्या बाजूने आवाज आला...

टक.

टक.

टक.

मग जरा थांबून... ढब.

दोघांनी वळून पाहिलं. फरसबंदी पार टोकापर्यंत मोकळी होती. माणूस नाही. चिप्सच्या वासाने एरवी डोक्यावर घिरट्या घालणारे सीगल, तेही नाहीत.

नोएलीन उठून बघायला गेली. सांध्यांत भरायची बारीक रेती तिने सकाळीच लाद्यांवर पसरून ठेवली होती. रेतीवर बुटाचा ठसा नव्हता. पक्ष्याच्या पायाचासुद्धा नव्हता. नळापाशी तिने हाताने रेती बाजूला सारली...

खाली दगडावर पिवळी फुली होती.

ती लादी त्यांनी उपटली. खाली मूठ जाईल एवढी पोकळी निघाली.

"म्हाताऱ्याचा मेल्यावरही आपल्यावर भरवसा नाही," डॅरिल म्हणाला आणि हसला. नोएलीनही हसली. कुणीतरी आपली टर उडवतंय, असं तिने स्वतःला समजावलं.

गुरुवारी, बरोबर साडेतीनला, पुन्हा तेच. या वेळी आवाज खांबांपर्यंत आला. तीन फुल्या निघाल्या. तिन्ही लाद्या खाली पोकळ.

तिने मला एक गोष्ट खाली मान घालून सांगितली. गुरुवारी तिला भीती वाटली नाही. बरं वाटलं. हॅलची तिला फार आठवण यायची, आणि निदान काम तरी कुणीतरी तपासतंय असं वाटलं.

शुक्रवारी ती दुपारपासूनच घड्याळ बघत होती. डॅरिलने दिवसभर दगड कापला होता. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. साडेतीनला तो बाकाच्या एका टोकाला बसला, ती दुसऱ्या. मधे थर्मास.

टक... टक... टक...

आवाज नळापाशी आला. खांबांपाशी आला. एक लोखंडी खांबही वाजला, टण. मग पुन्हा दगड. जवळ... आणखी जवळ.

बाकाच्या मागे येऊन थांबला.

नोएलीनला मान वळवता येईना. कप दोन्ही हातांत घट्ट धरून ती समोर पाण्याकडे बघत राहिली.

ढब.

हा आवाज दगडाचा नव्हता. लाकडाचाही नव्हता.

"नोल," डॅरिल हळूच म्हणाला, "तू मला पाठीत मारलंस?"

तिने दोन्ही हात नुसते वर करून दाखवले. कप हातातच होता.

आवाज पुढे सरकला. तिच्या पाठीमागून गेला. तिच्या पलीकडच्या लादीवर वाजला, टक. मग त्याच्या पुढच्या. असा वाजत वाजत वाळूत उतरायच्या पायऱ्यांपर्यंत गेला, आणि तिथे संपला.

डॅरिल काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि त्याला खोकला आला. तो वाकला...

त्याच्या जॅकेटवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पिवळी फुली होती.

नोएलीनने जॅकेट ओढून त्याच्यासमोर धरलं. मग मशीन उचलून गाडीत टाकलं आणि गाडीला कुलूप लावलं.

डॅरिल भडकला. उद्या उद्घाटन, अजून पायऱ्यांकडच्या लाद्या कापायच्यात, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं बरंच बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अर्ध्या रस्त्याचं उद्घाटन करतील," ती म्हणाली. "सोमवारी तू छातीचा फोटो काढायचास. नाही काढलास तर तुझ्या बायकोला मी सांगेन, मी तुला काय करू दिलं ते."

शनिवारी फीत कापली तेव्हा पायऱ्यांकडचा भाग जाळी लावून झाकलेला होता. आणि सोमवारी डॅरिलच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर डाग निघाले. ते काही पाच दिवसांचे नव्हते. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, अजून काही वर्षं हेच केलं असतं तर हातात काही उरलं नसतं. डॅरिल आता शाळेची बस चालवतो. पोरींना घेऊन जातो, घेऊन येतो.

नोएलीनने एवढं सांगितलं. मला आपलं हायसं वाटलं.

"म्हणजे म्हाताऱ्याने वाचवलंच की त्याला," मी म्हटलं.

चहावर साय धरली होती. नोएलीन त्या सायीकडे बघत बसली.

"मला ठोकलं नाही त्याने," ती म्हणाली.

"मग बरंच झालं. तुझी छाती ठणठणीत असणार."

तिने माझ्याकडे पाहिलं. एखाद्या मंद पोराकडे बघावं तसं.

"हॅल सगळ्या लाद्या ठोकायचा. फक्त एक सोडून द्यायचा. आरपार तडा गेलेली. ती काढून टाकायचीच असते, म्हणायचा, तिला ठोकून काय ऐकायचं?"

तीस वर्षं ती त्याच धुळीत उभी होती, तडा त्याचा? की त्या सोमवारी ती "बरं" म्हणाली, ते त्याने ऐकलं होतं? तिला तरी ठाऊक आहे का, कोण जाणे.

डॅरिलला तिने दटावून दवाखान्यात धाडलं, पण स्वतःच्या छातीचा फोटो तिने आजपर्यंत काढलेला नाही. विचारलं की म्हणते, पुढच्या महिन्यात.

मी विचारायचं सोडून दिलंय. खरं सांगू? काय निघेल ते मलाच ऐकायचं नाही.