टिंबांशिवाय

मामी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवत जायची. घरामागच्या तिच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असत. गरम मेणाचा वास कपड्यांना चिकटायचा. रविवारी दुपारी ती टेबल पुसून काढायची, हात कोपरापर्यंत धुवायची आणि आम्हाला हिब्रू शिकवायची.

आम्ही म्हणजे दोघंच. मी, तिची भाची, आणि शेजारचे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाल्यावर काकांनी मनावर घेतलं होतं, की बायबलमधले देवाचे शब्द मूळ भाषेत वाचल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. मी खरं तर मामीसाठी जायचे.

तिला ही भाषा तिच्या वडिलांनी दिली होती. "भाषांतरात अर्थ येतो गं, श्वास मागेच राहतो," ती म्हणायची. उच्चारही तोंडाच्या हिशेबानं सांगायची. जीभ कुठल्या दाताला टेकवायची, टाळूशी किती फट ठेवायची. घशातलं एक अक्षर काकांना काही केल्या जमेना. "खाकरू नका हो. चष्म्याची काच पुसताना तोंडानं वाफ सोडता ना, तसं." काकांनी लगेच चष्मा काढून काचेवर वाफ सोडली. अक्षर जमलं, पण आता पान दिसेना. मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

पुढे तिनं आमची टिंबं काढून घेतली. हिब्रू अक्षरं म्हणजे बहुतेक नुसती व्यंजनं. स्वर दाखवायला खाली-वर टिंबं देतात, पण जुन्या पोथीत तीही नसतात. वाचणाऱ्यानं स्वर आपल्या पदरचे घालायचे. तीच तीन अक्षरं 'रूआख' म्हटली तर श्वास, 'रेवाख' म्हटली तर मोकळी जागा. वाचताना कुणी चुकलं की ऐकणाऱ्यानं फक्त बरोबर शब्द म्हणायचा. वाचणाऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा आणि पुढे जायचं. रागवायचं नाही, हा तिचा नियम होता.

मामी न्यूमोनियानं गेली. आठवडाभर खोकला अंगावर काढला, आणि मग फार उशीर झाला होता.

"वर्ग बंद करू नका," मामा म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण चहा करताना कानावर पडत राहू दे." म्हणून आम्ही जात राहिलो. साचे कुणी हलवले नव्हते. तिचं स्टूल जागच्या जागी होतं.

असंच एका रविवारी काका स्तोत्र वाचत होते. एका शब्दावर अडखळले, चुकीचं बोलले, मग बरोबर म्हणून पुढे गेले. निघताना कानातली यंत्रं लावत म्हणाले, "बरं झालं, पकडलंस मला."

"मी कुठे काय बोलले? मला वाटलं, तुमचं तुम्हीच सुधारलंत."

 त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला. वाचत होते तेव्हा ती यंत्रं टेबलावर डबीत होती. यंत्रांशिवाय त्यांना दाराची घंटाही ऐकू येत नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण लोकांचे कान तपासणं हेच माझं काम आहे आणि काकांचे कान मीच तपासले आहेत.

पुढच्या रविवारी मी वाचत होते. चुकले. फळ्यांच्या बाजूनं शब्द आला. हळू, स्पष्ट, शेवटाला जरासा ओढलेला. मामीचाच. मी तो पुन्हा म्हटला आणि पुढे वाचलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मी खिडक्या लावून पाहिल्या, फ्रिज बंद करून पाहिला. आवाज मोजण्याचं यंत्रही दवाखान्यातून आणून ठेवलं. शब्द आला तेव्हा काटा हलला नाही. आम्ही दोघांनी मात्र एकाच वेळी माना वर केल्या.

काकांच्यानं राहवलं नाही, त्यांनी मामाला सांगितलं.  पुढच्या वर्गाला नवा शर्ट घालून तो तिच्या स्टुलावर येऊन बसला. मी चुकले, काका चुकले, शब्द आले. मामा आमच्या चेहऱ्यांकडे बघत होता. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. "असू दे," म्हणत तो उठला. "मला हिब्रू येतं कुठे?" तेव्हापासून चहा आणला की तो विचारायचा, "आज काय म्हणाली?" आम्ही शब्द सांगायचो, अर्थ सांगायचो. तो मान डोलवायचा आणि कप गोळा करायचा.

मग आम्ही मुद्दाम चुकू लागलो. आधी काका, नंतर मीही. एकमेकांना कधी बोललो नाही. तिचा आवाज ऐकायचा तेवढा एकच रस्ता होता.

त्या दुपारी मी मुद्दाम 'रेवाख' वाचलं.

"रूआख," मामी म्हणाली.

मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरा आवाज आला.

फार म्हातारा. बाईचा की पुरुषाचा, सांगता येणार नाही. फळ्यांच्याही पलीकडून, जिथे फक्त भिंत आहे. अक्षरं तीच तीन, पण स्वर तिसरेच. तो उच्चार मला इथे लिहिता येत नाही. लिहायला घेतला की कागदावर तीच अक्षरं उतरतात.



मग मामीनं तो शब्द पुन्हा म्हटला. सावकाश, जरा दबकून, वर्गात आम्ही म्हणायचो तसा.

काकांचं बोट पानावर थांबलं होतं.

मामा चहा घेऊन आला. "आज काय म्हणाली?"

"चुकली," काका म्हणाले.

"ती?" मामा हसला. तिच्यामागे तो हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "शक्यच नाही." मग हसू ओसरलं. ट्रे हातातच होता. "मग तिला बरोबर कोणी सांगितलं?"

आम्ही काही बोलायच्या आत भिंतीकडून त्याच म्हाताऱ्या आवाजात पुढचा शब्द आला, अजिबात घाई न करता.

या वेळी मामानंही मान वळवली.