पन्नाशीच्या पुढचं गिऱ्हाईक

रतन साळवे पासलीत पोचली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून करपल्याचा वास येत होता. तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. चुलीवर भात जळून काळा पडला होता आणि मोरीच्या तोंडाशी तिची मोठी जाऊ धोंडाबाई आडवी पडली होती. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं.

रतननं पस्तीस वर्षं वेल्हे तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काढली होती. अशी तोंडं तिनं पाहिली होती, पण घरातलं कधी नाही.

वेल्ह्याच्या दवाखान्यात रक्तदाब मोजला. वरचा आकडा दोनशे वीस.

"गोळी चुकवली असणार," तरुण डॉक्टर म्हणाला. "या वयात विसरतात."

शेतातून धावत आलेला धोंडाबाईचा मुलगा ज्ञानू मान खाली घालून म्हणाला, "काकी, आता आईला एकटं ठेवायचं न्हाई. चुलीपाशी तर न्हाईच न्हाई."

चार दिवसांनी धोंडाबाईला बोलता यायला लागलं. जीभ जड होती.

"रतन, म्या गोळी खाल्ली व्हती. रोज खाल्ली." थोडं थांबून तिनं विचारलं, "खाल्ली व्हती ना गं? का मला तसं वाटतंय नुसतं?"

तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मरणाची नव्हती. रतनला ती ओळखता आली, कारण चौसष्टाव्या वर्षी चष्मा कुठं ठेवला ते आठवेना की तिलाही तीच भीती गाठायची.

ती पासलीच्या घरी परत गेली आणि फळीवरची गोळ्यांची पुडी काढली. घडी घातलेला पांढरा कागद, त्यावर निळ्या पेनानं उगवता सूर्य काढलेला. म्हणजे सकाळची गोळी. धोंडाबाई महिन्याकाठी भोरला रतनकडे यायची, तपासून घ्यायची आणि एसटी स्टँडसमोरच्या मोठ्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन परत जायची. या खेपेला तीस गोळ्या आणल्या होत्या. ती पडली त्या दिवशी त्याला बारा दिवस झाले होते.

रतननं पुडी ताटात ओतली. अठरा गोळ्या. पुन्हा मोजल्या. अठराच.

एकही गोळी चुकली नव्हती.

तिनं एक गोळी बोटांत दाबली. खडूसारखा भुगा झाला. दुसरीच्या कडेला पिवळट ठिपके होते. रतन ताटापुढे बसून राहिली. धोंडाबाई विसरली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. कारण गोळ्याच खराब असणं फार वाईट होतं.

जुन्या ओळखी कामाला आल्या. दोन दिवसांत तिला बीपीच्या गोळ्या घेऊनही आजारी पडलेल्या आणखी दोघांची नावं कळली. गुंजवण्याची एक म्हातारी महिन्यापूर्वी गेली होती. वयच झालं होतं, असं सगळे म्हणाले. तिच्या घरात सूर्य काढलेली रिकामी पुडी सापडली. कामथडीचे गेनबा बांधावर चक्कर येऊन पडले होते, नाकातून रक्त आलं होतं. ते वाचले.

"गेनबा, गोळ्या कुठनं आणल्या?"

"भोरास्नं. स्टँडापुढं."

"कधी?"

"गुरुवारी. मी गुरुवारीच जातो, दत्ताच्या देवळात जायचं असतं."

"कंपनीच्या बंद पाकिटात दिल्या की पुडीत?"

"पुडीत. कागदावर सूर्य काढून. आमाला कुठं वाचता येतंय, नर्सबाई."

"बिल?"

"बिल कशाला? लई चांगली मानसं हायती. खुर्ची देत्यात बसाया, पानी देत्यात." मग ते चाचरत म्हणाले, "तुमी हे कुनाला सांगू नगा. पोरं म्हनत्यात, मीच दोन-दोन गोळ्या खाल्ल्या. आसंल बी."

त्याच संध्याकाळी रतननं भाचीला, सोनियाला घरी बोलावलं. भावाची मुलगी, एकोणतीस वर्षांची. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती गुप्त ग्राहकाचं काम करायची. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, काहीतरी घ्यायचं, आणि वागणूक, बिल, स्वच्छता यांचे गुण मोबाईलवर भरायचे. दुकानांचे मालक पुण्यात बसून ते गुण बघायचे. निवृत्तीनंतर रतननंही हे काम मागितलं होतं. फॉर्ममध्ये जन्मतारीख घातल्याबरोबर उत्तर आलं होतं: वयोमर्यादा एकवीस ते पन्नास.

"स्टँडसमोरचं मेडिकल तू तपासतेस ना?"

"तीनदा गेले, आत्या. पैकीच्या पैकी. गोळ्यांचं बंद पाकीट देतात, तारीख दाखवतात, बिल देतात. ते फार्मासिस्ट काका आहेत ना, धनाजी, ते अगदी गोड बोलतात. ती गायत्री नावाची मुलगी तेवढी खेकसते. पण मागच्या वेळी गुरुवार होता, तिची सुट्टी असते. ते एकटेच होते, तरी काम चोख."

"तुझ्याबरोबर हे काम करणाऱ्यांत सगळ्यात मोठं कोण?"

सोनियानं आठवून पाहिलं. "एक बाई आहेत. सेहेचाळीस वर्षांच्या."

रतन उठली. तिनं स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांचा, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद शोधून काढला. तिला सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, त्यामुळे त्या दुकानाची पायरी ती कधी चढलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुनं लुगड्यासारखं पातळ नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, शेजारणीची काठी घेतली. आरशात बघितलं आणि तिला कसंसंच झालं. फारसं काही करावं लागलंच नव्हतं.

दुकान थंडगार आणि लखलखीत होतं. साठीला आलेले, केस व्यवस्थित विंचरलेले धनाजी लगबगीनं काउंटरबाहेर आले.

"या आजी, बसा. दमलात. पाणी देऊ?"

प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यावर रतनला काउंटरच्या फटीतून मागच्या मांडणीचा फक्त खालचा भाग दिसत होता. तिथं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यावर ठसठशीत अक्षरात 'परत' लिहिलेलं. खोक्याची चिकटपट्टी कापलेली होती.

"बरोबर कोण आलंय?" धनाजींनी मायेनं विचारलं.

"कोन न्हाई. सून कामाला जाती."

"गोळ्या कोण काढून देतं?"

"माझी मीच खाते. आठवंल तशी."

धनाजी हसले, कागद घेऊन मांडणीमागे गेले. त्यांच्या पाठोपाठ गायत्रीही गेली. पंचवीस-सव्वीसची, कपाळाला कायमची आठी. बराच वेळ चार पाय तेवढे दिसत होते. मग पुडी आली ती गायत्रीच्या हातातून. पांढरी, वर निळा सूर्य. तिनं ती काउंटरवर आपटली.

"आजी, बिल मागा. ऐकू येत नाही का? बिल!"

"अगं, म्हाताऱ्या माणसावर ओरडू नये," आतून धनाजींचा आवाज आला. "बिल राहू दे. हरवतं त्यांच्याकडून."

रतन पुडी कंबरेला खोचून बाहेर पडली. रस्ता ओलांडून स्टँडच्या बाकावर ती टेकली, तोच समोरून गायत्री पळत येताना दिसली. ती थेट रतनच्या पुढ्यात उभी राहिली.

"आजी, ती पुडी द्या मला."

"आँ?"

"मघाची पुडी. चूक झालीय. द्या लवकर." तिनं मागे वळून दुकानाकडे पाहिलं आणि रतनचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

आजूबाजूला माणसं होती, पण एका म्हातारीचा हात तिच्या नातीनं धरलाय यापलीकडे कोणाला काय दिसणार होतं? ओरडून सांगितलं तरी म्हातारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिला लख्ख कळलं. मग त्याच गोष्टीचा तिनं आधार घेतला.

"कंची पुडी बाई?" ती पिशवी चाचपत म्हणाली. "मी दुकानात गेलेच न्हाई. माझी एसटी कवा हाय?"

गायत्री तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मग हात सोडून ती निघून गेली.

पुडी सोनियानं त्याच दिवशी पुण्याला औषध निरीक्षकांकडे पोचवली. सोबत रतननं हातानं लिहिलेला चार पानांचा अर्ज होता, तारीखवार. पुढचे तीन दिवस रतननं दाराची कडी काढली नाही. कोणी दार वाजवलं की आधी खिडकीतून बघायची.

चौथ्या दिवशी निरीक्षक हनुमंत शेडगे दोन माणसं घेऊन भोरला आले. त्यांनी रतनला दुकानात बोलावलं. धनाजी आणि गायत्री दोघंही काउंटरमागे उभे होते. मांडणीवरचं प्रत्येक औषध तपासून झालं होतं. एकाचीही तारीख उलटलेली नव्हती.

"बाई, दुकान स्वच्छ आहे," शेडगे म्हणाले.

"साहेब, मांडणीच्या खाली एक खोकं आहे. 'परत' लिहिलेलं."

"तो मुदत संपलेला माल आहे," धनाजी शांतपणे म्हणाले. "कंपनीला परत जायचा. सील आहे त्याला."

"सील मी खुर्चीत बसले तेव्हा नव्हतं," रतन म्हणाली. "दवाखान्यात मीसुद्धा असली खोकी सांभाळली आहेत. त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण तो माल मेलेला असतो. उघडा."

शेडग्यांनी खोकं उघडलं. वरच्या थरात गोळ्यांची भरलेली पाकिटं होती. खालची सगळी रिकामी. एकूण एक गोळी काढून घेतलेली, मुदत पावणेदोन वर्षांपूर्वी संपलेली, काहींना ओल लागल्याचे डाग.

"ताज्या गोळ्या परस्पर विकायच्या आणि या मेलेल्या गोळ्या पुडीतून द्यायच्या," शेडगे हळूच म्हणाले. "आणि पुडी देत होती ही मुलगी?"

गायत्री पांढरीफटक पडली.

"तिनं माझ्या हातात दिली, हे खरं," रतन म्हणाली. "मलाही आधी तिचाच संशय आला. पण कामथडीच्या गेनबांनी पुडी घेतली गुरुवारी. गुरुवारी गायत्रीला सुट्टी असते, दुकानात एकटे धनाजी असतात. आणि दुसरं, जिला चोरी लपवायची ती गिऱ्हाइकाला बिल मागायला कशाला सांगेल? ही पोरगी सगळ्या म्हाताऱ्यांवर ओरडते. काय ओरडते ते कोणी ऐकलं नाही. बिल मागा, एवढंच ओरडते."

"मला ती पुडी मालकांना दाखवायची होती," गायत्रीचा आवाज फुटत होता. "आधी एकदा तोंडी सांगितलं, तर म्हणाले, गुप्त ग्राहक धनाजींना पैकीच्या पैकी देतात, तक्रारी सगळ्या तुझ्याच. पुरावा आण, नाहीतर घरी बस."

"पण तपासणीला कोण आलंय हे यांना कळायचं कसं?" शेडग्यांनी विचारलं. "गुप्त ग्राहकाला कधीच पुडी मिळाली नाही?"

"कळायची गरजच नव्हती, साहेब. कोण आलेलं नाही, एवढं कळलं की झालं. कंपनी पन्नाशीच्या पुढचं माणूस घेत नाही. म्हणजे डोकं पांढरं दिसलं की समजायचं, हा तपासायला आलेला नाही. वर हा पडला, मेला, तरी लोक काय म्हणणार? वय झालं. विसरला."

धनाजी पहिल्यांदाच चिडले. "यांचं वय बघा, साहेब. यांना काय आठवतंय? त्या दिवशी स्टँडवर स्वतःची एसटी माहीत नव्हती यांना."

"मी स्टँडवर काय बोलले ते तुम्हाला कोणी सांगितलं?" रतननं विचारलं.

गायत्री हळूच म्हणाली, "हे पायरीवरनं माझ्या मागोमाग आले होते. बाकामागच्या खांबाशी उभे होते. मला नंतर दिसले."

तीन दिवस आपण कडी लावून बसलो ते उगीच नव्हतं, हे रतनला तेव्हा कळलं.

धनाजी खुर्चीत बसले. त्याच, म्हाताऱ्यांच्या खुर्चीत.

"मी पण भरला होता तो फॉर्म," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. अठ्ठावन्न वय घातलं आणि नकार आला. रात्रभर राग येत होता. मग सकाळी लक्षात आलं, की म्हणजे आमच्याकडे कोणी बघतच नाही."

"गुंजवण्याची बाई मेली, धनाजी," रतन म्हणाली.

शेडगे पंचनामा लिहू लागले. रतननं गायत्रीला बाजूला घेतलं. "पुड्या किती जणांना दिल्या असतील?"

"मला चेहरे माहीत आहेत. गावं माहीत आहेत. चाळीसेक तरी."

"त्या लोकांनी आज सकाळीही गोळी घेतली असेल."

दोघी गायत्रीच्या स्कूटरवर निघाल्या. सोनिया फोन लावत बसली, पण निम्म्या घरांत फोन उचलायला कोणी नव्हतं. काही म्हाताऱ्यांनी पुडी मुकाट्यानं दिली. काहींनी धनाजींसारख्या भल्या माणसावर आळ घेता म्हणून दारातूनच परत धाडलं, तेव्हा रतननं त्यांच्यासमोर गोळी चुरडून दाखवली. प्रत्येक दाराशी तिला आधी एकच धास्ती वाटायची, की आतून उत्तर येतंय की नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पासलीला पोचली. धोंडाबाई ओट्यावर बसली होती. ज्ञानू शेजारीच होता. रतननं दोघांना सगळं सांगितलं, अठरा गोळ्यांपासून.

"म्हंजी म्या इसरले न्हवते," धोंडाबाई म्हणाली.

"नाही, अक्का. एकही नाही."

ज्ञानू उठून उभा राहिला. धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं रतनला वाटलं, पण तिचा आवाज कोरडा होता.

"मेल्यानं गोळी खोटी दिली त्याचं एक येळ सोड गं," ती म्हणाली. "पर म्या पंधरा दिस माझ्याच डोस्क्याला भ्याले. माझ्या पोरानं बी मला इचारलं न्हाई, की आई, खरं काय झालं."