पाणी मानवलं

भुतं रात्रीच बाहेर पडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

यात रात्र नाही. वीज गेलेली नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, एका स्वयंपाकघरात, ओट्याखाली झालं.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात झालं. तो नळ मी या हाताने सोडून पाहिलाय. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू द्या... ते खोटं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मंगळवार, दुपारचे दोन. ताई आणि भाऊजी भाड्याच्या नव्या घरात सामान लावत होते. दिवस पक्का आठवतो, कारण ठमी त्याच दिवशी पाच महिन्यांची झाली होती. ठमी म्हणजे माझी भाची.

घर गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. उजेड भरपूर. खोट एकच होती, पाण्याची. नळाला पिवळसर पाणी यायचं आणि त्याला गंजाचा वास होता.

ताई फार्मासिस्ट. बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय ती सख्ख्या भावालाही खोकल्याचं औषध देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने पूर्ण झाले की ठमीला चमच्याने पाणी सुरू करा. म्हणजे हातात एक महिना होता. लेकीच्या पोटात पहिलं पाणी कुठलं जाणार, ते त्या महिन्यात ठरवायचं होतं.

उकळून पाहिलं, तर तळाशी गाळ बसला. जार मागवला. ताईने जारवाल्याला विचारलं, "हा आतून शेवटचा कधी धुतलात?" तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. मग फिल्टरवाला आला. त्याने पाण्यात मीटर बुडवला, मान हलवली आणि कपाटाएवढ्या मशीनचा फोटो दाखवला.

"मग असं करू," भाऊजी म्हणाले, "मशीन घरात राहील, आपण गल्लीत राहू."

त्याच दिवशी सिलेंडर सरकवताना त्यांना दुसरा नळ दिसला.

ओट्याखाली, अगदी मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पितळी. त्याच्या चावीवर फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती. एकावर एक सात-आठ थर, आणि प्रत्येक थराला गाठ.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान. बारीक स्क्रू सोडवण्यात उभा जन्म गेलेला. कात्री न घेता, अर्धा तास बसून, त्यांनी एकेक गाठ सोडवली.

"कुणीतरी फार मन लावून बांधलंय," ते म्हणाले.

चावी फिरवली.

बंद पडलेला नळ सोडला की आधी हवा येते, तो फुरफुरतो, खोकतो. हा नळ तसं काही करेना. पाणी लगेच आलं... जणू ते तिथेच, तोंडाशी येऊन थांबलं होतं.

नितळ आणि गार. त्या उन्हाळ्यात इतकं गार!

ताईने ते कुणालाही पिऊ दिलं नाही. आधी बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. चार दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, हे कुठलं पाणी? आम्ही दोनदा तपासलं. इतकं स्वच्छ पाणी आमच्याकडे येत नाही."

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून सगळे खूश. तरी ताईने नियम घातला. "महिनाभर आधी आपण पिऊ. मानवलं, तरच ठमीला."

या एका नियमासाठी मी आजही तिचे पाय धरीन.

पाणी मानवलं. चांगलंच मानवलं. भाऊजींचं जुनं पित्त गेलं, ताईचे केस गळायचे थांबले. समोर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या काकू एकदा ताईला म्हणाल्या, "पाणी मानवलं हो तुम्हाला! चेहरा कसा भरलाय."

"आमच्या ओट्याखाली एक नळ आहे ना काकू, त्याचं पाणी..."

काकूंचा हात थांबला. इस्त्री शर्टावर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली.

"लेकीला पाजलंत?"

"नाही अजून. का हो?"

काकू शर्टाचा डाग बघत राहिल्या.

"आधीच्या भाडेकरूंनी घर का सोडलं?" ताईने विचारलं.

"सोडलं कुठे?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा शर्ट घेतला.

ते पाणी सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी भाऊजींनी दुकानातल्या कूलरचं पाणी प्यायला घेतलं. ते घशाखाली उतरेना. तोंडात घ्यायचे आणि बाहेर यायचं. त्यांना वाटलं, घसा बसलाय.

रविवारी ते तिघं आमच्याकडे आले. ताईने आमच्या माठातलं पाणी घेतलं, आणि बेसिनकडे धावली. चहा नाही, सरबत नाही, दूधसुद्धा नाही. आम्ही तिची थट्टा केली, मोठ्या घरचं पाणी लागलं म्हणून. संध्याकाळपर्यंत दोघांचे ओठ फुटले होते. थट्टा बंद झाली.

ताईने मग तिच्या पद्धतीने शोध लावला. ओट्याखालच्या नळाच्या आठ बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर वेळ लिहिली आणि त्या घेऊन दिवसभर बाहेर राहिली. पहिल्या चार तासांत पाणी गोड लागायचं. चार तास उलटले की तेच पाणी, त्याच बाटलीतलं, घशाखाली उतरायचं नाही.

चार तास. दोन तास जायला, दोन यायला. त्यापलीकडे त्यांना जग उरलं नव्हतं.

भाऊजींनी फडकं पुन्हा बांधलं. सगळे थर. संध्याकाळी त्यांनीच त्या गाठी दातांनी सोडल्या.

एकदा ते जिद्दीने घर सोडून गेलेसुद्धा. सकाळच्या गाडीने, बाटली न घेता. दुपारी मला हॉस्पिटलमधून फोन आला. सलाइन लावलं होतं, पण ते नसेत शिरतच नव्हतं, नुसता हात सुजला होता. मी त्यांना गाडीत घालून परत आणलं. उंबऱ्यातून ते गुडघ्यांवर रांगत ओट्याकडे गेले. मी दुसरीकडे बघितलं. आपल्या माणसाला असं बघवत नाही हो.

ताईचा धीर मात्र सुटला नव्हता. तो सुटला त्या दुपारी, जेव्हा तिने आवाज ऐकला.

ठमी झोपली होती. गल्ली सामसूम. ताईने पेला भरून ओट्याशी उभ्यानेच एक घोट घेतला...

गट.

आवाज तिच्या घशाचा नव्हता. ओट्याखालून आला होता.

तिने मुद्दाम तीन घोट घेतले. खालून गट, गट, गट. ती थांबली. खालीही थांबलं.

"हवा असेल पाइपात," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

तिने पेला ओट्यावर ठेवला आणि नुसती उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली...

गट.

आणि तिचा घसा हलला. तोंडात थेंब नव्हता. तरी तिने गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्लंबरला बोलावलं. बारा गावचं पाणी प्यायलेला म्हातारा माणूस. मीही गेलो होतो. नळ मीच सोडला आणि बंद केला. साधा नळ. मग म्हातारा मागच्या बोळात गेला आणि तिकडून त्याने भिंत फोडली.

"वहिनी, पाइपच नाही इथे."

आम्ही जाऊन पाहिलं. विटांमधून नळाची वीतभर शेपटी बाहेर आली होती. मागचं टोक उघडं. आत धूळ आणि कोळ्याचं जाळं.

"कचरा अडकलाय का बघतो. तुम्ही नळ सोडा," असं म्हणून त्याने त्या कोरड्या टोकात करंगळी घातली. ताई आत गेली. तिने चावी फिरवली. पाणी आल्याचा आवाज मला बोळात ऐकू आला.

आणि म्हाताऱ्याने किंचाळून हात ओढला.

करंगळी कोरडी होती. तो ती लुंगीला पुसत राहिला, पुसतच राहिला.

"काय झालं?"

"चोखलं," तो म्हणाला. "तान्हं मूल चोखतं ना... तसं."

हत्यारं तिथेच टाकून तो गेला. आम्ही निरोप पाठवले, पण न्यायला आला नाही.

ताई त्या दिवशी जेवली नाही. तिने ठमीला मांडीवर घेतलं, पाजायला पदर ओढला, आणि तशीच बसून राहिली.

"दूध माझं आहे," ती मला म्हणाली. "पण त्यातलं पाणी कुठलं रे?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा विचार मला शिवलाच नव्हता.

"आम्हाला वाटलं, पाणी आम्हाला मानवलं," ती म्हणाली. "उलटं झालंय. आम्ही पाण्याला मानवलो. आणि त्याला आता ही हवी आहे."

तिने मला आमच्या घरचं पाणी उकळून आणायला सांगितलं. ठमीला सहा महिने पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते, पण आता थांबायची सोय नव्हती. भर बारा वाजता मी थर्मास घेऊन गेलो. ताईने चमचा निर्जंतुक केला, पाणी मनगटावर टाकून पाहिलं. तिचा हात स्थिर होता. भाऊजी ओट्याला पाठ लावून बसले होते, जसं काही त्यांना तो नळ झाकता येणार होता.

पहिला चमचा... ठमीने ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

दुसरा चमचा. तोंडात गेला. तिने ते पाणी जिभेवर फिरवलं, आणि बाहेर काढलं.

ताईच्या घशातून आवाज निघाला. तिने तिसरा चमचा भरला.

"गिळ गं," ती म्हणाली. "गिळ माझी बाय. एवढंच मागते तुझ्याकडे, दुसरं काही मागणार नाही."

ओट्याखालून आवाज आला. गट. पुन्हा गट. भाऊजींचा घसा हलला. ताईचा हलला. घाईघाईने, एकापाठोपाठ एक.

ठमीने आईकडे पाहिलं... आणि गिळलं.

आमचं पाणी. आमच्या घरचं. तिने ते गिळलं आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

ताई ढसाढसा रडली. दहा चमचे पाजले. मग तिने ठमीचे कपडे भरले, औषधांच्या बाटल्यांवर वेळा लिहिल्या आणि पोर माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. आता तिला माझं दूधही नको."

"ताई, थोडा वेळ तरी..."

"जा म्हणते ना!" असं ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

गल्लीच्या टोकाशी मी वळून पाहिलं. दोघं दारात उभी होती.

तेव्हापासून ठमी आमच्याकडे वाढली. ती नळाचं पाणी पिते, माठाचं पिते, शाळेच्या टाकीचं पिते. कुठलंही पाणी तिला चालतं, आणि ती पाणी प्यायली की माझी बायको अजूनही एक सुस्कारा सोडते.

दर रविवारी मी तिला आईबापांकडे नेतो. आमच्या पाण्याची बाटली घेऊन जातो, आणि पुढच्या खोलीतच बसतो. बाटलीच्या चार तासांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. भाऊजी चष्म्याच्या काचा घरीच घासतात. ताई आता इस्त्रीच्या दुकानापर्यंतही येत नाही. निघताना ती ठमीला मिठी मारते आणि ती मिठी दर रविवारी थोडी लांबते. तिला बोलायला माझी जीभ रेटत नाही. चार वर्षं ती लेकीला आठवड्यातून दोन तास बघतेय.

मागच्या रविवारी मी काकूंकडे भाऊजींचा शर्ट आणायला गेलो. पाच मिनिटं. फार तर सहा.

परत आलो तेव्हा पुढची खोली रिकामी होती, भाऊजी आतल्या खोलीत काचा घासत होते. दोघी स्वयंपाकघरात होत्या. ताई पदराने ठमीचं तोंड पुसत होती.

"घाम आला होता तिला," ती म्हणाली.

आमची बाटली पिशवीत तशीच होती. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"ताई, तू तिला काही दिलंस?"

"वेडा आहेस का?"

ती हसली. पण हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ठमीचा हातही सोडला नाही.

माझी बहीण आहे ती. तिने त्या पोरीसाठी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्यावर असा संशय घ्यायची मला लाज वाटते.

आज गुरुवार आहे. गेले चार दिवस मी ठमीचा प्रत्येक पेला बघतोय. ती पिते. सोमवारी प्यायली, मंगळवारी प्यायली. काल मात्र तिने अर्धा पेला तसाच ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, "पोट भरलं, मामा."

लहान मुलं पाणी अर्धं टाकतातच.

टाकतात ना? तुमच्या घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर सांगा मला.