कामिनीचा हसरा फोटो

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे घडलं तेव्हा मी तिथेच बसले होते.

मागच्या नोव्हेंबरातली भर दुपार. नागपूर, जरीपटका. माझे मिस्टर कुशल लग्नाचे आणि पोर्ट्रेट फोटो काढतात. स्टुडिओचं काउंटर मी सांभाळते.

कुही गावाहून प्रयागबाई आल्या. हातात लग्नाचा अल्बम. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं, कामिनीचं लग्न कुशलनीच शूट केलं होतं.

दिवाळीआधी ती डेंग्यूनं गेली.

"भिंतीवर लावाले एक बी हसरा फोटो नाही गा बाबू. सगळ्यांत रडूनच राहिली. एकदा हसव माह्या पोरीले."

कुशल पुरळ काढून देतात, उजेड वाढवून देतात. पण कुणाचा चेहरा बदलत नाहीत.

"मावशी, ते हसू तिचं नसन. माह्यानं नाही होत."

प्रयागबाईंनी त्यांचे पायच धरले.

"हा रडका चेहरा पाहू पाहू मी मरून जाईन गा!"

कुशलनी कामिनीचा एक फोटो स्क्रीनवर उघडला. मग त्यांनी माउस हातात घेतला.

ओठांचे कोपरे किंचित वर ओढले...

हुंदका ऐकू आला.

मला वाटलं, प्रयागबाई. पण त्या तर श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होत्या.

फोटो सेव्ह झाला. कामिनी हसत होती.

प्रयागबाईंनी डोळे पुसले आणि सहज अल्बम उघडला...

नवरदेव एकटाच उभा होता. रिकाम्या जागेला हार घालत.

पान उलटलं. पाठवणीचा फोटो. प्रयागबाईंनी कुणाला तरी घट्ट कवटाळलेलं...

हातांच्या मध्ये कोणीच नव्हतं.

"माही पोरगी कुठी गेली वं?" त्यांनी मला गदागदा हलवलं.

कुशलनी ते हसू पुसून पाहिलं. पुसलं जाईना. हार्ड डिस्क लावली, मूळ फोटो उघडले. तिथेही तेच. इकडे बाई नखांनी अल्बमचा कागद खरवडत होत्या.

"इथंच होती ना... इथंच होती..."

शेवटी कुशलनी तो एकच उरलेला फोटो प्रिंट करून त्यांच्या हातात दिला.

प्रयागबाईंनी तो नीट पाहिला. रडणं एकदम थांबलं...

"हे कोण होय?"

अल्बम, फोटो, सगळं तिथेच टाकून त्या उन्हात निघून गेल्या.

दोन-तीन दिवसांनी आम्ही फोटो घेऊन कुहीला गेलो. प्रयागबाई अंगणात धान वाळू घालत होत्या. अगदी शांत.

"मावशी, कामिनीचा फोटो आणला."

"कोण कामिनी? मले तं पोरगी नाही बाबू. दोन पोरंच आहेत."

आतून त्यांचे मालक वामनराव आले. त्यांनीही नकारार्थी मान हलवली.

कुशल तिथेच मातीत बसले. "आठवून पाहा ना मावशी! तुमचीच पोरगी होती! मीच लग्न शूट केलं जी!"

बाई घाबरून मागे सरकल्या.

तेव्हापासून कुशल साधं पुरळही काढून देत नाहीत.

गेल्या आठवड्यात ते दुकान आवरत होते. खणातून तो फोटो निघाला.

"धनश्री, हे कोण वं? गिऱ्हाईक घेऊन नाही गेलं का?"

मला वाटलं, गंमत करताहेत...

पण त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

आता मी एकटीच उरलेय. रोज तिचं नाव मोठ्यानं घेते.

आज सकाळी फोटो समोर धरला... आणि नाव आठवायला मला फार वेळ लागला.

म्हणून हे लिहून ठेवलं.

कामिनी. तिचं नाव कामिनी होतं.

तुम्ही तरी लक्षात ठेवा.