डोमकावळ्यांनी उचललेली शीळ

रूपर्ट मागे का फिरला?

क्विरिनने हे आईला विचारलं, पोलिसांना विचारलं, रूपर्टची शवपेटी खड्ड्यात उतरत असताना पाद्रीबाबांनाही विचारलं. ताज्या बर्फातले त्याच्या थोरल्या भावाच्या बुटांचे ठसे सगळ्यांनी पाहिले होते. घळीतून वर, लार्चच्या जुन्या झाडापर्यंत आलेले. तिथून घरची वाट सरळ होती. पण ठसे झाडाभोवती दोनदा फिरले आणि पुन्हा घळीकडे वळले. पार कड्यापर्यंत.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ओटमारमामा दारात येऊन उभा राहिला. सोबत डीना, रक्ताचा माग काढणारी त्याची म्हातारी कुत्री.

"घळीवर डोमकावळे घिरट्या घालतायत. तू जखमी केलेली हरिणी तिथेच पडली असणार. बूट घाल."

"मला नाही यायचं, मामा. पाय उचलत नाहीत."

"माझे पाय सत्तर वर्षांचे आहेत. मी विचारलंय का त्यांना? गोळी तुझी होती. तिच्यातलं शिसं गरुडांच्या पोटात गेलं तर तेही तडफडून मरतील. रूपर्ट हेच सांगून सांगून दमला ना?"

क्विरिनने बूट घातले. आठ दिवसांत त्याला धड झोप लागली नव्हती. चढावर धुकं इतकं दाट होतं की मामाची पाठ दिसे आणि मध्येच नाहीशी होई. ओल्या सालीचा, राळेचा वास येत होता. अर्ध्या वाटेत मामाने थर्मास पुढे केला.

"घे. माझ्या बहिणीने केलाय चहा, म्हणजे रम नावालाच."

क्विरिनला हसू आलं नाही.

लार्चपाशी मामा थबकला. बुंध्याशी स्प्रूसच्या दोन डहाळ्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या होत्या. आठवडाभर बर्फ पडत होता, सगळीकडे वीतभर साचला होता. या डहाळ्यांवर मात्र कणभरही नव्हता.

"या कुणी ठेवल्या?"

"रूपर्टने. मी घाईत गोळी झाडली, ती नीट लागली नाही. तो म्हणाला, मी शोधून येतो, तू इथून हलू नकोस. आणि या ठेवून गेला."

शिकाऱ्यांच्या घरात या फुलीचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: इथेच थांब. थांबणाऱ्याला निघावंच लागलं, तर त्याने डहाळ्यांच्या बाजूच्या काड्या मोडून टाकायच्या. मग परत येणाऱ्याला कळतं, माणूस घरी गेला.

मामाने वाकून पाहिलं. एकही काडी मोडलेली नव्हती.

"किती वेळ थांबलास?"

"तासभर. हात बधिर झाले होते... आणि रागही आला होता. आंधळा म्हणाला तो मला. मी तसाच निघून गेलो." क्विरिनने मामाची बाही धरली. "त्याला वाटलं असणार, मी अजून इथेच कुठेतरी आहे. त्याला बघायला धुक्यात शिरलोय. म्हणून तो मागे फिरला ना? मला शोधायला? बोल ना, मामा!"

मामाने डीनाचा पट्टा हाताभोवती गुंडाळला.

"चल. उजेड जाईल."

तेवढ्यात घळीतून शीळ आली. दोन आखूड, एक लांब. रूपर्ट त्याला लहानपणापासून अशीच साद घालायचा. कुठे आहेस?

"मामा..."

"डोमकावळा आहे. ऐकलेलं उचलतात ते."

दोघे घळीत उतरू लागले. बऱ्याच वेळाने, मागे न बघता, मामा हलकेच म्हणाला, "पण एकदा-दोनदा ऐकून नाही शिकत."

हरिणी एका पुढे आलेल्या खडकाखाली पडली होती. त्यांना पाहून पाखरं उडाली आणि समोरच्या झाडावर जाऊन बसली. हरिणीचे डोळे गेले होते, पोट फाडलेलं होतं. गोड, कुबट वास घशात बसला. मामाने गोळी लागलेल्या खांद्याभोवतीचं, शिशाचे कण घुसलेलं सगळं मांस कापून पिशवीत भरलं.

"बाकीचं पाखरांचं," तो म्हणाला.

क्विरिनने रीतीप्रमाणे एक डहाळी मोडून हरिणीच्या दातांत धरवली. तिचा शेवटचा घास. "माफ कर," तो पुटपुटला.

पुन्हा शीळ आली.

क्विरिनने वर पाहिलं. डोमकावळे सगळे समोरच्याच झाडावर होते, चोची मिटून, एकटक बघत. शीळ त्याच्या पाठीमागून आली होती. कड्याच्या बाजूने.

"मागे बघू नकोस," मामा कुजबुजला. "ऊठ. निघू या."

"तू जा, मामा. मी थांबतो."

"डोकं फिरलंय का तुझं? तुझी आई तिकडे... पोरा, ऐक माझं..."

"तो दमला असेल, मामा. आठ दिवस शोधतोय."

मामा जागचा हलला नाही.

क्विरिन शेजारच्या खडकावर बसला. दोन बोटं ओठांत घातली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. मग शीळ वाजली. इथे आहे.

घळ एकदम गप्प झाली. नंतर बर्फ चिरडत पावलं येऊ लागली. सावकाश. थकलेली. एक पाय जरासा ओढत.

डीनाने कान टवकारले आणि ती शेपूट हलवू लागली.

क्विरिनने मागे पाहिलं नाही. खडकावरची पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली, बाहीने बर्फ पुसला आणि शेजारी जागा केली.